गावावर लिहिलेले गावात वाचावे

(लोणार येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘लहान गावातल्या वाचनालयाचे उपक्रम’ असा विषय मला दिला आहे. या विषयावर बोलायला उभा राहिलेला माणूस बहुधा यादी वाचून दाखवतो. ती यादी तुम्हाला पाठ आहे. १२ ऑगस्टला रंगनाथन जयंती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, नोव्हेंबरात ग्रंथालय सप्ताह, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. त्या त्या दिवशी टेबलावर प्रतिमा येते, प्रतिमेला हार, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक, दोन भाषणे, आभार आणि मागच्या फ्लेक्ससह सगळ्यांचा फोटो. फोटो अहवालाला जोडला जातो आणि अहवाल फायलीला. त्या दिवशी देवघेवीच्या नोंदवहीत किती नावे चढली, हे मात्र कोणी विचारत नाही. कारण बहुतेक ठिकाणी कार्यक्रम असतो त्या दिवशी देवघेव बंदच असते. ग्रंथपाल खुर्च्या मांडत असतो.

मी या समारंभांची थट्टा करायला आलेलो नाही. हार-तुऱ्यांचीही गावाला गरज असते. माणसे एकत्र येतात, चहा होतो, बोलणे होते. पण ते काम ग्रामपंचायत करते, गणेश मंडळ करते, पतसंस्था करते. वाचनालयाने करायचे काम वेगळे असायला हवे. माझे म्हणणे एवढेच आहे, की वाचनालयाचा कार्यक्रम कपाटातल्या एखाद्या मजकुरातून निघावा आणि कोणीतरी तो मजकूर घरी नेईल इथे संपावा. लोणारला हे जितके सोपे आहे, तितके महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांना असेल. तुमच्या गावावर सातशेहून अधिक वर्षे लोक लिहीत आले आहेत, आणि त्यातले फारच थोडे लोणारच्या ओट्यांवर वाचले गेले आहे.

कायद्याचे आधी थोडक्यात सांगतो, कारण वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची अडचण तिथे आहे. देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला, मद्रासचा त्यानंतर १९४८ साली आला. आपल्या राज्याचा कायदा १९६७चा, तो १ मे १९६८पासून अमलात आला. काही राज्यांनी ग्रंथालयासाठी घरपट्टीवर उपकर बसवला. आपण तो मार्ग घेतला नाही. गावातल्या लोकांनी संस्था काढायची, नोंदवायची आणि सरकारने तिला अनुदान द्यायचे, अशी आपली रीत. त्यामुळे महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत हजारो वाचनालये उभी राहिली. ही मोठीच गोष्ट आहे. पण अनुदान अ, ब, क, ड या वर्गांवर ठरते आणि वर्ग ठरतो तो पुस्तकांची संख्या, सभासद, उघडे राहण्याचे तास अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली. त्याआधी ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत, म्हणजे महिन्याला अडीच हजार. त्यात ग्रंथपालाचे मानधन, वीज, वर्तमानपत्रे आणि वर पुस्तके. एवढ्यात भागवणारा ग्रंथपाल तपासणीला दाखवता येईल असा कार्यक्रम करणार, यात नवल नाही. मी त्याला दोष देत नाही. मात्र मी पुढे जे सांगणार आहे त्याला शाल-श्रीफळाहून कमी पैसे लागतात, एवढे मंडळाने ध्यानात ठेवावे.

वाचनालयाने लोकांना जमवून काही दाखवावे, ऐकवावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आणले. त्यांच्या राज्यात पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्याने पेटीपुढे बसून काय करायचे, हा प्रश्न होताच. म्हणून त्याच ग्रंथालय खात्यात चित्रे दाखवणारी शाखा काढली. तिची माणसे मॅजिक लँटर्न आणि सिनेमाचे यंत्र घेऊन गावोगाव जात आणि फुकट खेळ करीत. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. आज आपल्या प्रत्येक वाचनालयात प्रोजेक्टर नसेल, पण सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या खिशात पडदा आहे.

आणि त्याही आधीची, आपल्या घरातली पद्धत आहेच. श्रावणात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, मध्येच एखादी आजी शंका काढते, सांगणारा थांबतो. पोथीला प्रमुख पाहुणा नसतो. वाचणारा गावचा, सांगणारा गावचा, ऐकणारे गावचे. ज्या बाया शाळेत गेल्या नाहीत त्यांना पोथीमुळे शेकडो ओव्या पाठ असत. वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी याहून चांगला नमुना मला तरी सापडलेला नाही. एक मजकूर, एक वाचणारा, एक सांगणारा. चार-पाच पानांचा उतारा आठवडाभर आधी सूचनाफलकावर आणि गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर द्यावा. अर्धा तास तो मोठ्याने वाचावा. मग त्या गोष्टीतले ज्याला कळते अशा गावातल्याच माणसाने बोलावे. शेवटी पुस्तके टेबलावर मांडून देवघेव सुरू करावी. त्या वेळी ग्रंथपालाला खुर्च्या उचलायला लावू नये.

आता मजकूर कोणता, ते सांगतो. इथे मला जरा थांबावेसे वाटते, कारण लोणारची शिदोरी फार मोठी आहे.

सुरुवात लीळाचरित्रापासून करा. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपुरात हा ग्रंथ सिद्ध केला. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ. त्यात महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी लोणारला आल्याचे प्रसंग आहेत, यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीला आल्याचे आहे. मराठी गद्य बोलू लागले तेव्हा जी गावे त्याच्या तोंडी आली, त्यांत तुमचे गाव आहे. महानुभावांच्या स्थानपोथीत तर स्वामी कुठे बसले, कुठे राहिले याच्या खुणा नोंदवल्या आहेत. एका संध्याकाळी हे प्रसंग वाचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खुणा धरून देवळांची फेरी करा. धार तीर्थापासून दैत्यसूदन मंदिरापर्यंत चालायला किती वेळ लागतो, हे मी तुम्हाला काय सांगणार! भाषा जुनी आहे, पहिली दहा मिनिटे जड जाईल. एखाद्या महानुभाव आश्रमातल्या जाणकाराला वाचायला बोलवा. त्या ग्रंथांचे वाचन त्यांनी शतकानुशतके चालू ठेवले आहे.

मग ऐन-ए-अकबरी. अबुल फजलाने वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख केला आहे. हे पवित्र स्थान आहे, काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ इथे मिळतात आणि त्यापासून राज्याला उत्पन्न होते, असे तो लिहितो. म्हणजे अकबराच्या दरबारात लोणारची ओळख तीर्थक्षेत्र म्हणून होती तशीच क्षाराची खाण म्हणूनही होती. ही संध्याकाळ गावातल्या फारसी-उर्दू जाणणाऱ्या माणसाकडे द्यावी. वाचनालयाच्या कार्यक्रमांना गावातले काही मोहल्ले कधीच येत नाहीत, अशी तक्रार मी पुष्कळ ठिकाणी ऐकतो. त्यांच्याकडे असलेले काही आपण कधी मागितले का, असा माझा उलटा प्रश्न असतो.

क्षाराचा धागा पुढे इंग्रजी अमदानीत जातो. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारच्या खाऱ्या सरोवराची नोंद केली. १९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्ती या दोघांनी लोणारचे भूविज्ञान आणि इथला सोडा यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा सरोवराचा हा खळगा ज्वालामुखीने झाला असेच बहुतेक शास्त्रज्ञ मानत. जुन्या नोंदींत क्षारांचे प्रकार आहेत: दल्ला, पापडी, खुप्पल, भुस्की. कोणता क्षार कशाला वापरत, तो काढायला कोण उतरत असे, बाजार कुठे होता, याचे उत्तर एखाद्या जुन्या घरात अजून सापडेल. अहवालातला तक्ता वाचायला रसायनशास्त्राचे शिक्षक बसवा आणि त्यांच्या शेजारी गावातली सर्वांत वयस्क माणसे बसवा. तक्ता त्यांच्या बोलण्याने पुरा होईल. बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि त्याचा लेखी मजकूर करून कपाटात ठेवा. मग १९१२च्या अहवालाशेजारी लोणारच्या माणसांची एक वही उभी राहील.

१९७३ साली ‘सायन्स’ या अमेरिकन साप्ताहिकात फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख आला. लोणार म्हणजे बेसाल्टमध्ये झालेले उल्काविवर, हे त्याचे प्रतिपादन. सरोवराच्या तळाशी छिद्रे पाडून वर काढलेल्या खडकात प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या होत्या. खडकातल्या फेल्डस्पार खनिजाची आघाताने काच होते, तिला मास्केलिनाइट म्हणतात. ती ज्वालामुखीत होत नाही. तेव्हा चंद्रावरून दगड नुकतेच आले होते आणि चंद्रावरची काळी मैदाने बेसाल्टचीच. म्हणून जगातल्या शास्त्रज्ञांना लोणार हवे होते. मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांना ते आजही हवे असते. हा लेख दोन-तीन पानांचा आहे. आपल्या मुलांना तो इंग्रजीत अवघड जाईल, पण महाविद्यालयातल्या दोन प्राध्यापकांनी सुट्टीत बसून तो मराठीत आणला तर दहावीच्या वर्गाला सहज समजेल.

आणि वयाचा वाद! वाचनालयात रंगण्यासारखा याहून चांगला वाद मला दुसरा दिसत नाही. सरोवर दाखवणारा मुलगा पर्यटकांना हमखास सांगतो, ‘बावन्न हजार वर्षे’. हा आकडा त्याच्या मनचा नाही. आघाताच्या काचेवर तापदीप्तीची पद्धत लावून तो १९९०च्या दशकात काढला गेला. नंतर आर्गॉनची पद्धत लावून झालेल्या अभ्यासात, जो २०११च्या सुमारास प्रसिद्ध झाला, वय निघाले सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. दोन आकड्यांत दहापटीहून अधिक फरक. एकच दगड, दोन घड्याळे. ती घड्याळे चालतात कशी, एक कमी का दाखवते, दुसऱ्यात चूक कुठे शिरू शकते, हे दोन गटांनी वाचून यावे आणि मांडावे. निकाल लागला नाही तरी हरकत नाही. मुलांना एवढे कळले, की शास्त्रज्ञही एकमेकांचे खोडतात आणि कागदावर पुरावा ठेवून खोडतात, तर वर्षभराची विज्ञान प्रदर्शने वसूल झाली. आणि सरोवर दाखवणारी मुलेही त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत असावीत.

जून २०२० तुम्हाला आठवतच असेल. पाणी गुलाबी झाले, देशभरच्या वाहिन्या आल्या, कोणी शकुन म्हणाले, कोणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला, त्यात हॅलोआर्किया हे खारट पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव माजले आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्याने रंग आला, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी लोणारला पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाले, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले दुसरे. या दोन्ही गोष्टींच्या बातम्या गावातल्या प्रत्येकाने पाहिल्या. पण रामसर म्हणजे काय, त्याने सरोवराकाठच्या शेतकऱ्यावर काय बंधन येते आणि काय येत नाही, सांडपाणी कुणी कुठे सोडायचे, हे सरकारी कागदातून वाचून दाखवायला कोणी बसले का? अभयारण्याची २०००ची अधिसूचना, रामसरचा माहितीतक्ता, न्यायालयाचे आदेश हे सारे सार्वजनिक कागद आहेत. ते वाचनालयात एका फायलीत असले पाहिजेत. अर्थ वाचनालयाने लावू नये. कागद समोर ठेवावा, वकिलाला बोलवावे, वनखात्याच्या माणसाला बोलवावे आणि काठावर ज्याचे वावर आहे त्यालाही बोलवावे. मंडळातल्या काहींना यात राजकारण येईल अशी भीती वाटेल. येऊ द्या थोडे. कागद वाचून झालेले भांडण न वाचता झालेल्या भांडणापेक्षा लवकर मिटते.

हे सगळे वाचणार कोण? आज तालुक्याच्या कोणत्याही वाचनालयात सकाळी सात वाजता जा, अभ्यासिका भरलेली असते. तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा. ही मुले आठ-आठ तास बसतात, पण पुस्तके त्यांची स्वतःची असतात. वाचनालयाकडून त्यांना हवे असते टेबल, पंखा आणि शांतता. जुने सभासद यावर कुरकुरतात. मला ही मुले गावातले सर्वांत तयार वाचक वाटतात. त्यांच्या सरावपुस्तकात लोणार एका ओळीत येते: जिल्हा कोणता, पाणी कसे, निर्मिती कशाने. ज्या सरोवराच्या काठावर ती लहानाची मोठी झाली त्याबद्दल त्यांच्याकडून एवढीच अपेक्षा! महिन्यातली एक संध्याकाळ, दीड तास, उतारा वाचायचे काम त्यांच्याकडे द्या. मुलाखतीत आपल्या तालुक्यावर प्रश्न आला तर याचा उपयोगही होईल, हे आमिष मी मुद्दाम दाखवतो.

बायांचे वेगळे आहे. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम म्हणजे स्वयंपाकाची वेळ, आणि मग आपण म्हणतो महिलांचा प्रतिसाद नाही. दुपारी तीनला ठेवून पाहा. वाचनालयातच ठेवला पाहिजे असेही नाही. नवरात्रात कमळजादेवीला गर्दी होते, भजनी मंडळे बसतात, बचतगटाच्या बैठका होतात. पेटीत पंचवीस पुस्तके घालून तिथे जा. बडोद्याची पेटी जाऊ शकत होती, तर लोणारची का नाही?

त्या पेटीत काय ठेवायचे, यासाठी बुलढाणा जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे तुमचे शेजारी. सिंदखेडराजाजवळच्या सेंदूरजनला जन्मले, मेहकरात वकिली केली, तिथेच राहून लिहिले. त्यांचे ‘शीळ’ गीत जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आले आणि मराठी भावगीताची वाट मोकळी झाली. त्यांच्या ‘खूणगाठी’ या कवितासंग्रहाला १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुंबई-पुण्याला न जाता हे झाले. अमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४चा अकादमी पुरस्कार. ती कादंबरी वाचून दाखवताना लोणारच्या शेतकऱ्याला एकही शब्द समजावून सांगावा लागणार नाही. उलट पुण्याचा वाचक जिथे अडखळतो तिथे तो हसेल किंवा गप्प होईल.

आणि ताराबाई शिंदे. बुलढाण्याच्या, १८५०च्या सुमारास जन्मलेल्या. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक, सरकारी कचेरीत कारकून. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर झोड उठली आणि तेव्हा ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती छापल्या. जोतीराव फुल्यांनी या पुस्तकाची बाजू घेतली. पण एवढ्या मोठ्या वादाचे हे पुस्तक पुढे जवळजवळ नाहीसे झाले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, आणि आज जगभरच्या विद्यापीठांत ते शिकवले जाते. मधली त्र्याण्णव वर्षे ते कुठे होते? कोणाच्या तरी कपाटात एखादी प्रत टिकली, म्हणून ते परत आले. ती टिकली नसती, तर आपल्या जिल्ह्यातल्या या बाईचे नावही आज आपल्याला ठाऊक नसते.

म्हणून शेवटी मंडळाला आणि तुम्हा सगळ्यांना एक विनंती करतो. घरोघरी जुने कागद आहेत: सोड्याच्या व्यवहाराच्या वह्या, इनामाचे कागद, आजोबांच्या रोजनिशा, यात्रेची हँडबिले, बंद पडलेल्या शाळेची हजेरीपत्रके, उर्दूतली आणि मोडीतली पत्रे. दिवाळीच्या साफसफाईत ही पोती रद्दीवाल्याकडे जातात. यंदा द्यायच्या आधी ती एकदा वाचनालयात आणून दाखवा. कागद तुमचेच राहतील. ग्रंथपाल त्यांचे फोटो काढील, नोंद करील आणि परत देईल. मंडळाने त्यासाठी एक नोंदवही आजच घालावी आणि मोडी वाचू शकणाऱ्या एका माणसाचा शोध उद्यापासून घ्यावा.